उद्या, दहा, तपकिरी

पाहणी करणारी बाई सलग चौथ्या दिवशी चावीवाल्याच्या दुकानात जाऊन बसली, तेव्हा समोरच्या बटणवाल्याने शंभर पांढऱ्या बटणांची मोजून ठेवलेली पुडी उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. हाताला काम असलं की मान खाली राहते, आणि मान खाली असली की समोर कोण कोणाबरोबर चहा पितंय ते दिसत नाही. पण सत्तावीसपर्यंत आल्यावर मान आपोआप वर झाली. बाई हसत होती. चावीवाला दोन्ही हात हवेत उडवून काहीतरी सांगत होता.

"रुमाल अंथरलाय बघ," बटणवाला शेजारच्या बूटवाल्याला म्हणाला. "खुर्चीवर स्वतःचा रुमाल! वीस वर्षांत मला कधी बस म्हणाला नाही."

"तू कधी गेलास का तिकडे?" बूटवाल्याने ओठांत धरलेले खिळे न काढता विचारलं.

"मुद्दा तो नाही."

"मग कोणता आहे?"

अठ्ठावीसच्या जागी बटणवाल्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

बाई विद्यापीठातून आली होती. गल्लीत एकतीस दुकानं होती आणि गल्लीच्या मागे पल्याडच्या लोकांची वस्ती. हे लोक नदीपलीकडून कामाला आलेले. पुरुष शीतगृहात, बायका हॉटेलांच्या धुलाईत. त्यांची बोली वेगळी होती, त्यामुळे नगर कार्यालयाच्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नसत. आठ महिन्यांपूर्वी बर्फाच्या कारखान्यातून गॅस गळला होता. कार्यालयाची भोंग्याची गाडी दोन तास उशिरा आली, आणि आली ती शहराच्या भाषेत बोलत. तरीही वस्ती त्याआधीच रिकामी झाली होती. बातमी दुकानांतून गेली होती. कोणी कोणाला सांगितलं, तेवढंच बाईला शोधायचं होतं.

तिची पद्धत सोपी होती. एका मोठ्या कागदावर प्रत्येक दुकानाचं एक वर्तुळ. ज्याने सांगितलं त्याच्याकडून ज्याला सांगितलं त्याच्याकडे एक बाण. जेवढे बाण जास्त, तेवढं वर्तुळ मोठं.

बटणवाल्याकडे ती पहिल्याच दिवशी येऊन गेली होती. सात मिनिटं.

"गॅस गळला ते तुम्हाला कोणी सांगितलं, काका?"

"कोणी नाही."

"मग कळलं कसं?"

"नाही कळलं. गल्ली रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, आज सुट्टी असावी."

बाईने पेन थांबवलं. "वास नाही आला?"

"सर्दी झाली होती."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? कोणी नव्हतंच."

बाईने आभार मानले आणि ती गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र बटणवाल्याने तिला दारातच गाठलं आणि तो कागद बघू का म्हणून विचारलं. तिने दाखवला. चावीवाल्याचं वर्तुळ ओव्हरकोटाच्या बटणाएवढं होतं. त्यातून एवढे बाण निघाले होते की ते साळिंदरासारखं दिसत होतं. बूटवाला साध्या शर्टाच्या बटणाएवढा होता. कोपऱ्यात, कॉलरच्या टोकाला लावतात ना, त्या बटणाएवढं एक वर्तुळ होतं. ना आत बाण, ना बाहेर.

"हे कोण?" बटणवाल्याने विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

"तुम्ही, काका. पण मनाला लावून घेऊ नका. पुढच्या मंगळवारी दुसरी फेरी आहे. मधल्या आठवड्यात गल्लीत काही बातमी फिरली तर तीही मी घेणार आहे. विशेषतः पल्याडच्या लोकांपर्यंत पोचलेली."

मनाला लावून घेऊ नका, असं सांगितलेली गोष्ट माणूस दुसरीकडे कुठे लावणार?

बायको होती तोवर असं नव्हतं. बावीस वर्षं काउंटरजवळच्या स्टुलावर ती बसायची आणि बटणवाला मागे पुड्या बांधायचा. पल्याडच्या बायका एक सुई घ्यायला यायच्या आणि तासभर बसायच्या. त्यांच्याशी बोलता बोलता ती त्यांची बोली शिकली. बटणवाला मागून फक्त आवाज ऐकायचा. त्याला त्या बोलीतलं धंद्यापुरतं येत होतं: सगळे रंग, शंभरपर्यंत आकडे, जाड, बारीक, मोठं, लहान, आज, उद्या, आणि 'संपलं'. दीड वर्षापूर्वी ती गेली. बायका अजूनही सुया घ्यायला यायच्या. रंग सांगायच्या, आकडा सांगायच्या, सामान घ्यायच्या आणि समोर चावीवाल्याकडे जाऊन गप्पा मारत उभ्या राहायच्या. चावीवाला तरुणपणी त्यांच्या वस्तीत भाड्याने राहिला होता, त्याला बोली फर्डी येत होती. बटणवाल्याचा खप तेवढाच राहिला होता. दुकानात बोलणं तेवढं उरलं नव्हतं.

तेव्हा त्याला हवं होतं ते एवढंच: कोणीतरी त्याच्या दुकानात येऊन, सामान घेऊन झाल्यावरही, थांबावं. कागदावरचं वर्तुळ ही त्याची पावती झाली असती. आणि त्यासाठी आता एक बातमी हवी होती.

तीन दिवस काहीच घडलं नाही. बटणवाल्याने वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बूटवाल्याला दोनदा विचारलं, "काय नवीन?" दोन्ही वेळा त्याने सोल दाखवला. चौथ्या दिवशी दुपारी नळवाला अवजारांच्या पिशवीला चेन बसवून घ्यायला आला. नळवाला म्हणजे कार्यालयाच्या पाणीखात्यातला फिटर.

"लवकर कर रे, बटण्या," नळवाला म्हणाला. "उद्या दहा वाजता मोठी पाइप धुवायची आहे. तासभर नळाला तपकिरी पाणी येईल. आज सगळी तयारी करायची आहे."

बटणवाल्याचा हात चेनवर थांबला. "हे लोकांना माहीत आहे?"

"म्हणजे काय? रीतसर नोटीस लावली आहे."

"कुठे?"

"पंपघराच्या दारावर. आतल्या बाजूने. बाहेर पावसाने भिजली असती ना."

नळवाला गेला. बटणवाला उठला, आरशात बघून केस नीट केले आणि पुन्हा बसला. बातमी होती, खरी होती, आणि गल्लीत फक्त त्याच्याकडे होती. त्याने ठरवलं की चावीवाला सोडून सगळ्यांना सांगायची. आणि पहिल्यांदा पल्याडच्या लोकांना, कारण बाईला त्यांचेच बाण हवे होते.

नशीब असं की पाचच मिनिटांत धुलाईवाली आली. पल्याडची, उंच, आवाजाने भारदस्त. हॉटेलच्या धुलाईत तिच्या हाताखाली चौदा बायका. तिने तिच्या बोलीत सांगितलं, पांढरी, लहान, शंभर. बटणवाल्याने पुडी काढली नाही. तो तिच्याकडे बघून तिच्याच बोलीत म्हणाला:

"उद्या. दहा. तपकिरी."

धुलाईवालीने मान हलवली. "पांढरी. शंभर. आज."

"उद्या!" बटणवाला म्हणाला. "दहा! तपकिरी!"

तिने काउंटरवर बोट ठेवून पुन्हा पांढऱ्या बटणांची बरणी दाखवली. तेव्हा बटणवाल्याने दीड वर्षात केलं नव्हतं ते केलं. तो काउंटरच्या बाहेर आला. त्याने माठातून पेलाभर पाणी घेतलं, त्यात एक मोठं तपकिरी बटण टाकलं, तो पेला तिच्या नाकासमोर धरला, आणि दुसऱ्या हाताने गल्लीच्या तोंडाशी असलेला नळ दाखवला. मग भिंतीवरच्या घड्याळात दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

धुलाईवाली पेल्यातल्या बटणाकडे बघत राहिली. हा माणूस तिच्याशी बायको गेल्यापासून आकडे आणि रंग सोडून एक शब्द बोलला नव्हता. जागचा उठला नव्हता. आज तो बाहेर आला होता आणि तिच्यापुढे पेला धरून उभा होता. एवढ्यावरून जे कळायचं ते तिला कळलं. बटणं न घेताच ती निघाली आणि सरळ रस्ता ओलांडून चावीवाल्याकडे गेली.

"नको," बटणवाला स्वतःशी म्हणाला. "तिकडे नको."

समोर काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. धुलाईवालीने पेला हवेत धरल्यासारखा हात केला. चावीवाल्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. त्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण ओव्हरकोटाच्या बटणाएवढ्या माणसाने मला माहीत नाही असं म्हणायचं कसं? त्याने डोळे मिटून, सगळं आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान डोलावली. मग बोट वर करून बराच वेळ बोलला.

अर्ध्या तासात त्याच्या दुकानापुढे वीसेक बायका जमल्या होत्या. बटणवाला मोजत होता. बारा झाल्यावर त्याने पांढऱ्या बटणांच्या बरणीचं झाकण आपटलं. वीस झाल्यावर तो उठून रस्त्यापलीकडे गेला.

"ती माझी बातमी आहे, चावी," तो म्हणाला.

"बातमी कोणाची असते का रे? ती काय छत्री आहे?"

"मी तिला सांगितलं. तू काय सांगितलंस?"

"तेच. पाणी भरून ठेवा. उकळून प्या. लहान मुलांना देऊ नका. दोन दिवस."

"दोन दिवस? एक तास आहे तो!"

चावीवाल्याचा चेहरा किंचित पडला, पण आवाज नाही. "तू तासाचं सांगितलंस का तिला?"

बटणवाल्याला त्या बोलीत तास म्हणजे काय ते येत नव्हतं. तो परत आला.

तीन वाजेपर्यंत वस्तीतला प्रत्येक नळ उघडा होता. बादल्यांच्या दुकानातल्या बादल्या गेल्या, मग टब गेले, मग फुलझाडांच्या कुंड्या गेल्या, ज्यांच्या तळाला भोकं होती. एवढे नळ एकदम उघडल्यावर जोर गेला आणि गल्लीतल्या वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. वरचे लोक खाली आले. ते शहराच्या भाषेतले. त्यांनी बायकांना बादल्या नेताना पाहिलं, चावीवाल्याला विचारलं आणि वर जाताना एकमेकांना सांगितलं की पाणी आठवडाभर बंद आहे.

"एक तास!" बटणवाला दारातून ओरडला. "फक्त गढूळ! एकच तास!"

"ह्याला काय माहीत?" जिन्यावरची एक बाई दुसरीला म्हणाली. "गॅस गळला तेव्हा हा दुकान उघडं टाकून बसला होता."

साडेतीनला धुलाईवालीने हॉटेलच्या मॅनेजरला निरोप धाडला की उद्या दहानंतर पांढरे कपडे धुतले जाणार नाहीत. हॉटेलात दोनशे चादरी होत्या. मॅनेजरने कार्यालयात फोन केला. कार्यालयाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने पाणीखात्याला विचारायला फोन लावला, पण पाणीखात्यातले सगळे उद्याच्या तयारीला पंपघरावर गेले होते. फोन कोणी उचलला नाही. तेव्हा साहेबांनी स्वतःच निर्णय घेतला आणि पाच वाजता भोंग्याची गाडी गल्लीत शिरली.

"नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. पाणी पूर्णपणे स्वच्छ आहे आणि उद्याही स्वच्छच राहील."

वस्तीत भोंग्याचा एक शब्दही कोणाला कळला नाही. पण गाडी सगळ्यांनी ओळखली. गॅस गळला होता तेव्हा पळून लांब थांबलेल्या सगळ्यांनी हीच गल्लीत शिरताना पाहिली होती. आतापर्यंत ज्या घरांनी दुर्लक्ष केलं होतं त्यांनीही मग पिंपं भरायला घेतली. औषधाच्या दुकानातली पोटाच्या गोळ्यांची बरणी सहा वाजता रिकामी झाली.

त्या सगळ्या गोंधळात बटणवाल्याला एकच गोष्ट दिसत होती. प्रत्येक जण चावीवाल्याकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला प्रसिद्धी अधिकारी स्वतः गल्लीत आले. बरोबर एक शिपाई. मंगळवार होता, त्यामुळे पाहणीवाली बाईही दुसऱ्या फेरीसाठी आधीच आली होती. तिने सकाळपासून नऊ दुकानं केली होती.

"कोणी पसरवली ही अफवा?" साहेबांनी विचारलं. "बाई, तुमच्याकडे नकाशा आहे म्हणतात. दाखवा."

"तो अभ्यासाचा कागद आहे, साहेब. चौकशीचा नाही," बाई म्हणाली आणि कागद छातीशी धरला.

पण तिने तो उलटा धरला होता. नकाशाची बाजू बाहेर. चावीवाल्याचं वर्तुळ आता चहाच्या बशीएवढं झालं होतं.

"चावीवाला!" साहेब म्हणाले. "दुकानाचा परवाना काढ बघू."

चावीवाल्याने परवान्याऐवजी चाव्यांचा जुडगा पुढे केला. "साहेब, मी... मी आपलं लोकांनी विचारलं म्हणून..."

बटणवाल्याने त्या बशीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं ते कॉलरचं बटण पाहिलं. अजून तेवढंच होतं. बातमी त्याची, पेला त्याचा, बटणही त्याचं. आणि आता शिक्षासुद्धा समोरच्याला? हे मात्र त्याच्याने बघवेना.

"थांबा!" तो म्हणाला. "ती अफवा माझी आहे."

बूटवाल्याने पहिल्यांदाच तोंडातले खिळे काढले.

"तुमची?" साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माझी. सुरुवात मी केली. ताई, लिहा."

"काका, मित्रासाठी करताय हे," बाई हळू आवाजात म्हणाली. "पण उगाच अंगावर घेऊ नका."

"कोण मित्र? हा? मी ह्याला पाण्यात बघतो!"

"तुम्हाला त्यांची बोली येते का?" साहेबांनी विचारलं.

"येते."

"मग म्हणून दाखवा. काय सांगितलंत?"

बटणवाला ताठ उभा राहिला आणि त्या बोलीत म्हणाला, "उद्या. दहा. तपकिरी." मग त्याचा अर्थ शहराच्या भाषेत सांगितला.

"आणि?"

"आणि पेल्यात बटण टाकून दाखवलं."

"एवढंच?"

"एवढंच."

साहेब शिपायाकडे वळले. "तीन शब्द. तीन शब्दांत गावभर बादल्या संपत नसतात. हा भला माणूस खोटं बोलतोय. चला, परवाना."

"अहो, ह्यानेच सांगितलं!" आता चावीवाला ओरडला. "मला काहीच माहीत नव्हतं! शपथ घेऊन सांगतो, मला यातलं ढिम्म माहीत नव्हतं!"

"ऐकलंत?" बटणवाला बाईला म्हणाला. "ऐकलंत ना? बाण इकडून काढा. इकडून."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेला नळ खोकल्यासारखा आवाज करायला लागला. कोणीतरी तो आधीपासूनच उघडा टाकला होता. आधी हवा आली. मग तपकिरी पाण्याची जाड धार पडली. साहेबांच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत शिंतोडे उडाले. बूटवाल्याच्या दुकानातल्या घड्याळात दहा वाजले होते.

नळवाला सायकलवरून आला आणि गर्दी बघून उतरला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "नोटीस वाचली नाही का कोणी?"

साहेबांनी नोटीस कुठे लावली आहे ते विचारलं. उत्तर ऐकल्यावर त्यांनी रुमालाने पँट पुसायचा प्रयत्न केला आणि डाग पसरवला. मग घसा साफ करून ते म्हणाले की कार्यालयाने सूचना रीतसर दिली होतीच, प्रश्न फक्त ती या लोकांपर्यंत पोचवण्याचा होता, आणि त्यासाठी आजपासून भोंग्याच्या गाडीत त्यांच्या बोलीत सांगणारा एक माणूस बसेल.

चावीवाल्याने शर्टाची कॉलर सरळ केली. गल्लीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बटणवाल्यानेही पाहिलं.

"ह्यांनाच विचारू," पाहणीवाली बाई म्हणाली आणि गर्दीतल्या धुलाईवालीकडे वळून, पाहणीसाठी शिकलेल्या त्यांच्या बोलीत विचारलं, गाडीत कोण बसलेलं चालेल?

धुलाईवालीने क्षणभरही वेळ न घेता बटणवाल्याकडे हात केला. मग कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बोलली. मागच्या बायका 'हो हो' करत होत्या. चावीवाल्याला शब्द न् शब्द कळत होता, आणि त्याची कॉलर हळूहळू पुन्हा पडत होती.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"ती म्हणते," बाई जरा अडखळली, "चावीवाल्याला काहीही विचारा, तो सांगतो. माहीत असो नसो. बटणवाला दीड वर्षं गप्प होता. बोलला ते खरं निघालं."

"पण त्याला तुमची बोली कुठे येते?" चावीवाला न राहवून तिच्याच बोलीत म्हणाला.

"तुला येते, म्हणूनच मी दोन दिवसांचं पाणी भरलं," धुलाईवाली म्हणाली.

अशा रीतीने बटणवाला भोंग्याच्या गाडीत बसला. पहिलं काम आठवडाभरात आलं: दुसऱ्या दिवशी चार ते सहा वीज बंद. ड्रायव्हरने माइक हातात दिला. बटणवाल्याला वीज म्हणजे काय ते येत नव्हतं, बंदही येत नव्हतं. त्याने विचार केला आणि वस्तीच्या मधोमध, पूर्ण आवाजात जाहीर केलं:

"उद्या. चार. सहा. काळं. संपलं."

घराघरांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारी दारातच बसली आणि काय संपलं, काय संपलं म्हणून विचारू लागली. धुलाईवालीने कामावरून धावत येऊन विजेच्या खांबाकडे, मग घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांना समजावलं. मग तिने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं आणि बटणवाल्याला जे काही सुनावलं, त्यातला त्याला एकही शब्द कळला नाही. पण 'उद्या' तेवढा कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बरोबर ती म्हातारी आणि आणखी दोघी. कोणालाच बटणं नको होती. धुलाईवाली स्टुलावर बसली, म्हातारीला बसायला बटणवाल्याने मागून पुड्यांचं खोकं आणून दिलं, बाकीच्या दोघी काउंटरला टेकल्या. धुलाईवालीने छताला टांगलेला दिवा दाखवला आणि त्याचा शब्द सांगितला. बटणवाल्याने म्हटला. चौघी हसल्या. त्याने पुन्हा म्हटला. जास्त हसल्या. मग दार, रस्ता, पाणी, तास. ज्या माणसाचा आवाज भोंग्यावरून आपल्या घरात येणार, त्याला दिव्याला काय म्हणतात ते माहीत नसावं याची त्यांना लाज वाटत होती. त्या रोज यायला लागल्या.

चावीवाल्याचा रुमाल खुर्चीवर तसाच अंथरलेला होता. पाहणीवाली बाईही आता बटणवाल्याकडेच असे. एकदा तिने वाढलेलं वर्तुळ दाखवायला कागद उलगडला, तर बटणवाला म्हणाला, "ठेवा तिकडे, ताई. धडा चाललाय."

पण त्यालाही सुख सोसेना. महिन्याभरात बोली कानाला थोडी उलगडायला लागली, तसं त्याच्या लक्षात आलं की ह्या बायका मध्येच त्याच्या बायकोचं नाव घेतात. ती असं म्हणायची, तिने एकदा तसं केलं. बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच दुकानात, ती केवढं बोलली होती! सगळं ह्यांच्याकडे होतं. त्याच्याकडे फक्त मागून ऐकलेला आवाज होता. चावीवाल्याचा हेवा या हेव्यापुढे काहीच नव्हता. समोर बसलेल्या चार बायकांकडे बघून त्याच्या जिवाचा तिळपापड झाला.

"काय म्हणायची ती?" एके दिवशी त्याने त्यांच्या बोलीत विचारलं. तुटकं होतं, पण वाक्य होतं.

म्हातारीने सांगितलं. चौघी पोट धरून हसल्या. नेमका तेव्हा चावीवाला रस्ता ओलांडून आला होता. हल्ली रोज काही ना काही निमित्त काढून यायचा. आज दोरा हवा होता.

"काय रे बटण्या, तुझ्याकडे काय एवढं असतं रोज?" तो दारातून म्हणाला.

"माझी बायको काय म्हणायची ते सांगतायत."

"म्हातारी म्हणाली ते? मी ऐकलं," चावीवाला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, कारण निदान इथे तरी त्याला जास्त येत होतं. "ती म्हणायची, माझा नवरा अडकलेल्या चेनसारखा आहे. ओढली की अजून अडकते. हळूच मागे घेतली की सुटते."

"तुला कोणी विचारलं?" बटणवाला म्हणाला. "दोरा कोणत्या रंगाचा?"

"काळा. कळलं ना तुला ती काय म्हणाली ते?"

बटणवाल्याने काळ्या दोऱ्याचं रीळ त्याच्या हातात ठेवलं. तो म्हातारीकडे वळला.

"नाही कळलं," तो तिच्या बोलीत म्हणाला. "परत सांग."

त्याला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं.

म्हातारीने परत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बटणवाला काउंटरवर कोपर टेकून ऐकत होता. चावीवाला दोरा हातात घेऊन दारातच उभा होता. बसायला कुठे जागा नव्हती, आणि त्याला कोणी बस म्हणत नव्हतं.